जॉन फिलिप हॉलंड

जॉन फिलिप हॉलंड (जन्म : लिस्कॅनर, काउंटी क्लेअर, आयर्लंड, २४ फेब्रुवारी १८४१, मृत्यू : नेवार्क, न्यू जर्सी, अमेरिका, १२ ऑगस्ट १९१४) हे आयरिश-अमेरिकन शाळाशिक्षक आणि पाणबुडीचे रचनाकार होते. अमेरिकेच्या नौदलाने विधिवत ताफ्यात दाखल करून घेतलेली पहिली पाणबुडी त्यांची होती. ब्रिटन आणि जपान या देशांच्या नौदलांतील पहिल्या पाणबुड्याही त्यांच्याच आराखड्यावरून बांधल्या गेल्या. नौकाबांधणीचे किंवा अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण त्यांनी कधीही घेतलेले नव्हते. पॅटर्सन येथील शाळेत मुलांना शिकवून उरलेल्या वेळात त्यांनी आपल्या पहिल्या पाणबुडीची आकडेमोड केली. ती अवघी साडेचार मीटर लांबीची, एका माणसापुरती होती.

बालपण

लिस्कॅनर हे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मच्छीमारांचे लहानसे गाव. हॉलंड यांचे वडील ब्रिटिश किनारा-रक्षक सेवेत गस्तीचे काम करीत. आई मूळची आयरिश भाषक असल्याने घरात आयरिश भाषा बोलली जाई; जॉन इंग्रजी शिकले ते शाळेत गेल्यावर. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये जो भीषण दुष्काळ पडला, त्याच्या झळा या घरालाही लागल्या आणि दुष्काळापाठोपाठ आलेल्या रोगराईत कुटुंबातील माणसे दगावली. इंग्रजी राजवटीविषयीची जी कटुता पुढे हॉलंड यांच्या जीवनात एवढी निर्णायक ठरली, तिचे मूळ या वर्षांत आहे. १८५३ मध्ये वडील वारले आणि कुटुंब लिमरिक शहरात आले.

जॉन यांना खलाशी व्हायचे होते. नौकानयनाचा अभ्यास त्यांनी केला होता. परंतु जन्मतःच अधू असलेली दृष्टी आड आली. तेव्हा १८५८ मध्ये ते ‘ख्रिश्चन ब्रदर्स’ या धर्मसंस्थेत दाखल झाले व शिक्षक बनले. ही संस्था गरीब मुलांसाठी शाळा चालवीत असे.

शाळामास्तर हॉलंड

पुढील पंधरा वर्षे हॉलंड यांनी आयर्लंडमधील निरनिराळ्या गावांत अध्यापन केले. प्रकृती नाजूक असल्याने त्यांची वरचेवर बदली होई. संगीत शिकवताना स्वरांची नावे वापरून मुलांकडून गाणे बसवून घेण्याची ‘टॉनिक सोल-फा’ पद्धत आयर्लंडमधील शाळांत रुजविणाऱ्यांपैकी ते एक होते. चरित्रकार या बाजूकडे सहसा वळत नाहीत. तथापि अवघड गोष्ट सोप्या खुणांत उतरवून समोरच्याला समजावण्याची ही हातोटी त्यांना पुढे नौदलाचे अधिकारी आणि भांडवलदार यांच्यासमोर उपयोगी पडली असावी.

कॉर्क येथील नॉर्थ मोनॅस्ट्री शाळेत त्यांना ब्रदर जेम्स डॉमिनिक बर्क हे विज्ञानाचे व्यासंगी शिक्षक सहकारी म्हणून लाभले. विजेवर आणि पाण्याखालील यंत्रांवर बर्क यांचे प्रयोग चालत. १८६२ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील यादवी युद्धात हॅम्प्टन रोड्स येथे ‘मॉनिटर’ आणि ‘व्हर्जिनिया’ या दोन लोखंडी चिलखती जहाजांची झुंज झाली. तिची बातमी हॉलंड यांनी कॉर्कमध्ये वाचली. लाकडी युद्धनौकांचे दिवस संपले, हा निष्कर्ष त्या काळी अनेकांनी काढला. हॉलंड यांनी त्यापुढचा विचार केला. सर्वाधिक कारखाने ब्रिटनकडे आहेत, तेव्हा सर्वाधिक चिलखती जहाजेही ब्रिटनच बांधणार. चिलखत मात्र पाण्याच्या वर आणि पाणरेषेच्या जवळपास असते, जहाजाच्या पोटाखाली नसते. दुबळ्या राष्ट्राने बलाढ्य आरमाराशी लढायचे तर पाण्याखालूनच लढले पाहिजे.

या विचाराला आधार देईल असे यश तोवर कोणालाही मिळालेले नव्हते. १७७६ मधील डेव्हिड बुशनेल यांचे ‘टर्टल’ हे लाकडी पिंप हातांनी फिरवलेल्या मळसूत्रावर चाले. रॉबर्ट फुल्टन यांची ‘नॉटिलस’ नेपोलियनने स्वीकारली नाही. जर्मन तोफखान्यातील विल्हेल्म बाउअर यांची ‘ब्रांडटाउखर’ १ फेब्रुवारी १८५१ रोजी कील बंदरात बुडाली. पैशाच्या टंचाईमुळे तिची बांधणी मूळ आराखड्यापेक्षा कमकुवत झाली होती, आणि बुडीसाठी आत घेतलेले पाणी मोकळे असल्याने ते शेपटीकडे धावले. बाउअर यांनी आत पाणी येऊ देऊन आतील व बाहेरील दाब समान केला, झडप उघडली आणि तिघेही जिवंत वर आले. १८६४ मधील ‘हनली’ने शत्रूचे जहाज बुडविले खरे, पण ती स्वतःही परतली नाही.

अमेरिकेत

अखेरची व्रते न घेताच हॉलंड १८७३ मध्ये धर्मसंस्थेतून बाहेर पडले व आई आणि भाऊ आधीच गेले होते त्या अमेरिकेला गेले. बॉस्टनमध्ये बर्फाळ रस्त्यावर घसरून त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी कॉर्कपासून मनात असलेला पाणबुडीचा आराखडा पुन्हा काढला आणि जुना व नवा यांत फारसा फरक नाही हे पाहून त्यांचा आत्मविश्वास वाढला. लवकरच न्यू जर्सी राज्यातील पॅटर्सन या गिरण्यांच्या गावी सेंट जॉन्स शाळेत त्यांना नोकरी मिळाली.

१८७५ मध्ये त्यांनी आपला आराखडा अमेरिकेच्या नौदलाकडे पाठविला. त्यात एकच माणूस पाणबुड्याचा पोशाख घालून बसणार होता व पायांनी पायटे मारून नाव चालविणार होता. ही कल्पना व्यवहार्य नाही, पाण्याखाली दिशा कळणार नाही आणि अशा नावेत बसायला कोणी तयार होणार नाही, असा अभिप्राय नौदलाने दिला.

पैसा अखेर दुसऱ्याच वाटेने आला. हॉलंड यांचे धाकटे बंधू मायकेल हे ‘फेनियन’ या आयरिश क्रांतिकारक संघटनेत होते. अमेरिकेतील आयरिश मजूर आणि मोलकरणी यांनी दिलेल्या लहान लहान देणग्यांतून संघटनेने लढ्यासाठी निधी उभारला होता. हॉलंड यांनी कोनी आयलंड येथे लहानशी प्रतिकृती पाण्यात चालवून दाखविली आणि नेत्यांनी निधीतून पैसे देण्याचे मान्य केले.

कवचाचे गणित

हॉलंड यांचे काम समजण्यासाठी पाणबुडीच्या कवचामागील अडचण ध्यानात घेणे आवश्यक आहे. पाण्यात दर दहा मीटर खोलीला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटर खोलीवर कवचाच्या प्रत्येक चौरस मीटरवर बाहेरून सुमारे दहा टन भार पडतो. सपाट बाजूंची पेटी अशा भाराखाली आत वाकते. गोलाकार छेदाच्या नळीत मात्र तो भार पत्र्याच्या कडेने वाटला जाऊन पत्रा नुसता दाबला जातो आणि पत्र्याची सगळी ताकद कामी येते. तरीही पातळ नळीला आणखी एक धोका असतो. पत्रा चिरडण्याच्या कितीतरी आधी, रिकामा डबा बाहेरून दाबल्यावर जसा खळगा पडून चेपतो, तशी ती एका बाजूने चेपते. म्हणून आतून ठरावीक अंतरावर कड्या बसवाव्या लागतात. पत्रा सरसकट जाड करण्यापेक्षा पातळ पत्रा व जवळजवळ कड्या ही रचना हलकी पडते.

हलकेपणाला एवढे महत्त्व का, याचेही उत्तर साधे आहे. बुडालेल्या नावेचे एकूण वजन तिने सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकेच असावे लागते. कवच जड झाले तर इंजिन, इंधन, हवेच्या टाक्या आणि माणूस यांच्यासाठी वजनाचा वाटा उरत नाही. नाव मोठी करावी तर मोठ्या व्यासाच्या कवचाला आणखी जाड पत्रा लागतो. लहान, घरगुती प्रयत्नात ही कोंडी अधिकच जाणवते. दोन-सव्वादोन टनांच्या नावेत पन्नास किलोंची चूक ही बुडणे आणि तरंगणे यांतील फरक ठरते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. तेवढ्यानेही अशा नावेच्या हिशेबात पन्नास-पंचावन्न किलोंचा फरक पडतो.

हॉलंड यांनी या कोंडीतून तीन गोष्टींनी वाट काढली. पहिली, नावेचा आकार माशासारखा, दोन्ही टोकांना निमुळता आणि छेद गोल ठेवायचा. दुसरी, बुडीसाठी घेतलेले पाणी टाकीत हेलकावे खाणार नाही, अशा रीतीने मुख्य टाक्या बुडीच्या वेळी पूर्ण भरायच्या. त्यामुळे नावेचा गुरुत्वमध्य जागचा हलत नाही. ‘ब्रांडटाउखर’ नेमकी येथे फसली होती. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नावेला दगडासारखे जड करून बुडवायचे नाही. तिच्यात थोडीशी तरंगण्याची शक्ती कायम राखायची आणि शेपटीकडील आडव्या सुकाणूंनी नाक खाली करून, इंजिनाच्या जोरावर तिला खाली न्यायचे. डॉल्फिन असाच सूर मारतो. इंजिन बंद पडले तर नाव आपोआप वर येते. या तिसऱ्या तत्त्वाच्या अभावी कितीजणांचे प्राण गेले होते, हे पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते.

पसेइक नदीतील पहिली नाव

‘हॉलंड क्रमांक १’ ही लोखंडी नाव सुमारे ४.४ मीटर लांब आणि सव्वादोन टन वजनाची होती. मध्यभागी चालकाला जेमतेम बसता येईल एवढी जागा, त्याच्या डोक्यापुरती वर आलेली घुमटी, दाबाखालील हवेच्या टाक्या, भारपाण्याच्या टाक्या आणि चार अश्वशक्तीचे ब्रेटन पद्धतीचे खनिज तेलावर चालणारे इंजिन असा तिचा संसार होता. २२ मे १८७८ रोजी पॅटर्सनच्या प्रसिद्ध धबधब्याच्या वरच्या अंगाला ती पसेइक नदीत सोडण्यात आली. जमलेल्या गिरणी कामगारांच्या देखत ती हळूहळू पाण्याने भरली आणि तळाशी गेली.

दोर बांधून ती वर ओढण्यात आली व दुरुस्त करण्यात आली. इंजिन मात्र चालेना. तेव्हा हॉलंड यांनी शेजारी वाफेवर चालणारी होडी ठेवली, तिच्या बाष्पित्रातून रबरी नळीने वाफ पाणबुडीत आणली आणि तेलाचे इंजिन वाफेवर चालविले. हा तोडगा हास्यास्पद वाटण्याजोगा आहे, परंतु हॉलंड यांना त्या क्षणी इंजिन तपासायचे नव्हते. बुडी तपासायची होती. जूनमध्ये फेनियन प्रतिनिधींसमोर नाव पाण्याखाली गेली आणि सुखरूप वर आली. नंतरच्या एका चाचणीत हॉलंड सुमारे साडेतीन मीटर खोलीवर तासभर आत बसून राहिले.

आडवी सुकाणू नावेच्या मध्यावर उपयोगाची नाहीत, ती शेपटीशी हवीत, हा या चाचण्यांतून मिळालेला मुख्य धडा होता. तो मिळताच हॉलंड यांनी आतील यंत्रे काढून घेतली आणि कवच नदीतच बुडवून टाकले. नोकरीचा राजीनामा देऊन ते पूर्णवेळ या कामाला लागले.

‘फेनियन रॅम’

दुसरी नाव न्यूयॉर्कच्या डेलामेटर लोखंड कारखान्यात बांधली गेली आणि मे १८८१ मध्ये पाण्यात उतरली. तिची लांबी सुमारे साडेनऊ मीटर, विस्थापन १९ टन आणि चालक तीन होते. एका वार्ताहराने तिला ‘फेनियन रॅम’ हे नाव दिले व तेच रूढ झाले. नाकाशी दाबाखालील हवेने गोळा फेकणारी तोफ होती. तिच्या चाचणीसाठी ‘मॉनिटर’चे रचनाकार जॉन एरिक्सन यांनी गोळे दिले. विजेची मोटर नव्हती. त्यामुळे पाण्याखालीही तेलाचेच इंजिन साठविलेल्या हवेवर चालवावे लागे आणि बुडीला वेळेची मर्यादा पडे. पण सुकाणूंना ती चांगला प्रतिसाद देई. न्यूयॉर्क बंदरात १८८३ पर्यंत हॉलंड तिच्यातून वारंवार बुड्या मारीत होते. गोल छेद, माशाचा आकार, भरलेल्या टाक्या, मागील आडवी सुकाणू ही सारी लक्षणे एकत्र आलेली ही पहिली नाव होय.

इकडे निधीच्या खर्चावरून फेनियन मंडळींत तट पडले होते आणि प्रकरण न्यायालयात जाऊन नाव जप्त होईल अशी भीती निर्माण झाली होती. १८८३ च्या नोव्हेंबरातील एका रात्री जॉन ब्रेस्लिन यांच्या पुढाकाराने काही फेनियन हॉलंड यांच्या सहीचे बनावट पत्र घेऊन धक्क्यावर आले आणि ‘रॅम’ तसेच शेजारची पाच मीटर लांबीची प्रायोगिक नाव ओढून घेऊन गेले. लहान नाव वाटेतच ईस्ट नदीत बुडाली. ‘रॅम’ कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे पोहोचली. तेथे ती चालविण्याचा प्रयत्न इतक्या अडाणीपणाने झाला की बंदर अधिकाऱ्यांनी तिच्यावर बंदी घातली. हॉलंड यांची मदत मागण्यात आली. त्यांनी ती नाकारली. त्यानंतर त्यांनी या संघटनेशी संबंध ठेवला नाही. ज्या कामासाठी हातची नोकरी सोडली, ते काम ज्यांच्यासाठी केले त्यांनीच चोरून नेले, हा घाव खोल होता.

पडते दिवस

१८८५ मध्ये तोफखान्यातील लेफ्टनंट एडमंड झालिन्स्की यांच्या भागीदारीत हॉलंड यांनी चौथी नाव बांधली. पैसा तुटपुंजा होता, म्हणून लोखंडी कड्यांवर लाकडी फळ्या ठोकून कवच केले. नाव पाण्यात सोडताना उतरंडीच कोसळली, नाव खुंटांवर आदळली आणि कवचाला भोक पडले. डागडुजी होऊन काही चाचण्या झाल्या. कंपनी मात्र टिकली नाही.

१७ जानेवारी १८८७ रोजी ब्रुकलिन येथे मार्गारेट फोली यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार वाढत होता आणि मिळकत नव्हती. गाळ उपसणाऱ्या एका कंपनीत नकाशे काढण्याची नोकरी त्यांनी धरली. या काळात पक्ष्यांच्या उड्डाणाचा अभ्यास करून त्यांनी उडत्या यंत्राचे आराखडेही काढले. नौदलाने १८८८ आणि १८८९ मध्ये पाणबुडीसाठी आराखडे मागविले. दोन्ही वेळा हॉलंड यांचा आराखडा सरस ठरला व दोन्ही वेळा कंत्राट झाले नाही. १८९३ मध्ये तिसरी स्पर्धा निघाली. त्या वर्षी वकील एलिहू फ्रॉस्ट यांच्या साहाय्याने ‘जॉन पी. हॉलंड टॉर्पेडो बोट कंपनी’ स्थापन झाली आणि १८९५ मध्ये अखेर कंत्राट मिळाले.

ते कंत्राट म्हणजे ‘प्लंजर’. नौदलाच्या अभियंत्यांनी पृष्ठभागावर भरपूर वेग हवा असा आग्रह धरला. त्यासाठी २६ मीटर लांबीच्या नावेत वाफेची इंजिने बसवावी लागली. बंद कवचात बाष्पित्र पेटविल्यावर आतील तापमान माणसाला सोसवेना. ही नाव चालणार नाही, हे हॉलंड यांना आधीच दिसत होते. म्हणून ‘प्लंजर’ बॉल्टिमोर येथे बांधली जात असतानाच त्यांनी कंपनीला गळ घालून कंपनीच्याच पैशाने, नौदलाचा एकही अभियंता मध्ये न घेता, दुसरी नाव बांधायला घेतली.

‘हॉलंड क्रमांक ६’

न्यू जर्सीतील एलिझाबेथ येथे लुइस निक्सन यांच्या क्रेसेंट गोदीत ही नाव तयार झाली आणि १७ मे १८९७ रोजी पाण्यात उतरली. तिची लांबी १६.४ मीटर व व्यास सुमारे ३.१ मीटर होता. पृष्ठभागावर ती ६४ टन तर पाण्याखाली ७४ टन पाणी सारी; म्हणजे बुडी मारण्यासाठी तिला दहा टन पाणी आत घ्यावे लागे. सुमारे २३ मीटर खोलीचा हिशेब धरून कवच केले होते. त्या खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर २३ टन भार येतो. पृष्ठभागावर ४५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन नाव चालवी व बॅटऱ्या भरी, पाण्याखाली विजेची मोटर चाले. नाकाशी एक टॉर्पेडो नळी होती आणि चालक सहा होते. या दुहेरी व्यवस्थेमुळे ‘रॅम’ची उणीव भरून निघाली. पुढील अर्धशतक जगातील पाणबुड्या थोड्याफार फरकाने याच पद्धतीने चालल्या.

ऑक्टोबर १८९७ मध्ये एका कामगाराकडून झडप उघडी राहिली आणि नाव रात्रीतून धक्क्यालाच बुडाली. अठरा तास खाऱ्या पाण्यात राहिलेली विद्युत् यंत्रे उलगडून पुन्हा गुंडाळणे हा नावेच्या नाशाइतकाच खर्चिक उपाय होता. फ्रँक केबल या तरुण विद्युत् तंत्रज्ञाने यंत्रांतून उलटा प्रवाह सोडून, निर्माण झालेल्या उष्णतेने ती आतूनच वाळविली. केबल पुढे याच नावेचे चाचणी-कप्तान झाले.

१७ मार्च १८९८ रोजी, आयर्लंडचे संत पॅट्रिक यांच्या सणाच्या दिवशी, स्टेटन आयलंडजवळ ‘हॉलंड’ने पहिली यशस्वी बुडी मारली. हॉलंड तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. नौदलाचे साहाय्यक सचिव थिओडोर रूझवेल्ट यांनी एप्रिलमध्ये नाव विकत घेण्याची शिफारस केली, तरीही चाचण्या, आक्षेप आणि फेरबदल यांत दोन वर्षे गेली. प्रोपेलरच्या पुढे असलेली सुकाणू मागे नेण्यात आली. काँग्रेसच्या समितीपुढे ॲडमिरल ड्यूई यांनी, अशा दोन पाणबुड्या स्पॅनिश बाजूला असत्या तर मनिला बंदर आपल्या ताफ्याला राखता आले नसते, या अर्थाची साक्ष दिली. ११ एप्रिल १९०० रोजी नौदलाने ही नाव दीड लाख डॉलरला घेतली. बांधणीचा व चाचण्यांचा खर्च याहून पुष्कळ अधिक होता. १२ ऑक्टोबर १९०० रोजी ती ‘यूएसएस हॉलंड’ म्हणून ताफ्यात दाखल झाली.

नाव नौदलात, निर्माता बाहेर

चाचण्यांच्या काळात कंपनीचा पैसा संपत आला होता. बॅटरी-व्यवसायातील श्रीमंत उद्योजक आयझॅक राइस यांनी फेब्रुवारी १८९९ मध्ये ‘इलेक्ट्रिक बोट कंपनी’ स्थापन करून हॉलंड यांची कंपनी आपल्या पंखाखाली घेतली. हॉलंड यांची एकस्वे नव्या कंपनीकडे गेली. ते स्वतः पगारी अभियंता झाले. १९०० च्या अखेरीस ब्रिटनने या कंपनीकडून परवाना घेऊन पाच पाणबुड्यांची मागणी नोंदविली, आणि २ ऑक्टोबर १९०१ रोजी बॅरो येथील व्हिकर्स कारखान्यात ब्रिटिश नौदलाची ‘हॉलंड १’ पाण्यात उतरली. ज्या आरमाराविरुद्ध हे शस्त्र कल्पिले गेले होते, त्याच आरमाराच्या हाती ते व्यापाराच्या मार्गाने पोहोचले. हा व्यवहार अडविण्याचा अधिकार हॉलंड यांच्याकडे उरलेला नव्हता.

कंपनीत नौदलातून आलेले रचनाकार लॉरेन्स स्पिअर यांचे वजन वाढले. पृष्ठभागावर अधिक चांगल्या चालणाऱ्या, वर सपाट डेक असलेल्या मोठ्या नावा त्यांना हव्या होत्या. हॉलंड यांच्या मते पाणबुडी आधी पाण्याखाली चांगली चालली पाहिजे. त्या काळच्या बॅटऱ्यांची ताकद पाहता स्पिअर यांची बाजू अगदीच चुकीची म्हणता येत नाही, कारण पाणबुडीचा बहुतेक वेळ पृष्ठभागावरच जात असे. परंतु १९५३ मध्ये अमेरिकेने ‘अल्बाकोर’ ही प्रायोगिक पाणबुडी पाण्याखालील वेगासाठी बांधली, तेव्हा रचनाकार पुन्हा थेंबासारख्या, गोल छेदाच्या, डेक नसलेल्या आकाराकडेच वळले.

१९०४ मध्ये हॉलंड यांनी राजीनामा दिला. बुडालेल्या पाणबुडीतून निसटण्यासाठी श्वसनाचे एक साधन त्यांनी त्याच वर्षी तयार केले. स्वतंत्रपणे वेगवान पाणबुडी बांधण्यासाठी त्यांनी भांडवल जमविण्यास सुरुवात केली, तोच जुन्या कंपनीने त्यांच्यावर खटला भरला. एकस्वे आणि हॉलंड हे नावही कंपनीचे आहे, असा दावा होता. खटल्याच्या छायेत भांडवलदार मागे हटले. त्यांच्या नव्या आराखड्यावर प्रत्यक्षात आल्या त्या जपानमधील दोनच नावा. कोबे येथील कावासाकी कारखान्याने त्या १९०६ मध्ये पूर्ण केल्या. त्यापूर्वीच्या पाच पाणबुड्या जपानने इलेक्ट्रिक बोट कंपनीकडून घेतल्या होत्या. जपानच्या सम्राटाने हॉलंड यांना ‘उगवत्या सूर्याचा’ सन्मान दिला. कोबेच्या दोन नावांपैकी ‘क्रमांक ६’ ही १५ एप्रिल १९१० रोजी सरावात बुडाली व तिच्यातील चौदाही जण मृत्युमुखी पडले. आतील हवा संपेपर्यंत लेफ्टनंट साकुमा अपघाताची कारणे नोंदवीत होते. ती टिपणे सापडल्यावर जगभरच्या नौदलांत त्यांची चर्चा झाली.

अखेर

शेवटची वर्षे हॉलंड यांनी नेवार्क येथे कुटुंबासमवेत, बहुतांशी विमानाच्या आराखड्यांत मन रमवीत काढली. न्यूमोनियाने १२ ऑगस्ट १९१४ रोजी त्यांचे निधन झाले आणि पॅटर्सनलगतच्या टोटोवा येथील होली सेपल्कर दफनभूमीत त्यांचे दफन झाले. पहिले महायुद्ध सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्यांच्या मृत्यूनंतर एक्केचाळीस दिवसांनी, २२ सप्टेंबर रोजी, जर्मनीच्या ‘यू-९’ या एका पाणबुडीने उत्तर समुद्रात ‘अबूकीर’, ‘हॉग’ आणि ‘क्रेसी’ या तीन ब्रिटिश युद्धनौका दीड तासाच्या आत बुडविल्या. त्यांत सुमारे १,४५० खलाशी मरण पावले.

अवशेष

‘यूएसएस हॉलंड’ १९१३ मध्ये भंगारात विकली गेली. इलेक्ट्रिक बोट कंपनी पुढे ‘जनरल डायनॅमिक्स’ या उद्योगाचा भाग बनली आणि आजही अमेरिकेच्या अणुपाणबुड्या बांधते. ‘फेनियन रॅम’ १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, डब्लिनमधील ईस्टर उठावाची झळ पोहोचलेल्यांसाठी निधी जमविताना प्रदर्शनात मांडली होती. १९२७ मध्ये ती पॅटर्सनला आली. त्याच वर्षी पसेइक नदीच्या गाळातून हॉलंड यांच्या पहिल्या नावेचे कवच वर काढण्यात आले. दोन्ही नावा आता पॅटर्सन संग्रहालयात आहेत.

ब्रिटनची ‘हॉलंड १’ ही १९१३ मध्ये मोडीत काढण्यासाठी ओढून नेली जात असताना बुडाली होती. १९८१ मध्ये ती सापडली आणि पुढच्या वर्षी वर काढण्यात आली. वर काढल्यावर लावलेली रसायने पुरेशी ठरली नाहीत. समुद्रातील क्षार लोखंडात खोलवर मुरलेले असल्याने ती गंजतच राहिली. अखेर १९९० च्या दशकात तिच्याभोवती मोठी टाकी उभारून ती काही वर्षे सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून ठेवावी लागली. २००१ पासून ती गॉस्पोर्ट येथील पाणबुडी संग्रहालयात, हवेतील आर्द्रता नियंत्रित केलेल्या दालनात ठेवलेली आहे आणि प्रेक्षकांना तिच्या आत जाऊन ते कवच पाहता येते.